आफ्रिकन कंद एकाच कुळातले, पण पाण्याचं वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमॅरिलिस कुळातले सहा आफ्रिकन कंद एकदम घेतले, सगळे एकाच मिश्रणात सारख्याच कुंड्यांमधे लावले, वर्षभर सगळ्यांना सारखं पाणी दिलं, आणि आता तीन वर्षांनी अवस्था अशी की स्कॅडॉक्सस, म्हणजे बरेच जण जिला फुटबॉल लिली म्हणतात ती, दरवर्षी फुलते, पांढऱ्या फुलाचा हीमँथस बरा चाललाय, लाल हीमँथस कुजून गेला, नेरीन सार्निएन्सिसला नुसती पानं येतात, ब्रन्सविजिया जागची हलत नाही आणि सिरटँथसने एकदाही फुलाचा दांडा काढलेला नाही. तर माती बदलायची की खत?

माझं सरळ उत्तर, दोन्ही राहू द्या, आधी पाण्याचं कॅलेंडर बदला. मी हे कंद बरीच वर्षं लावतेय आणि या कुळाबद्दल जेवढे प्रश्न येतात त्यातले बहुतेक शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात, की हा कंद मूळचा जिथला आहे तिथे पाऊस कुठल्या ऋतूत पडतो हे कोणी विचारलेलंच नसतं. लेबलवर नाव असतं, फुलाचा फोटो असतो, ऊन किती हवं तेही असतं, पण पाऊस कधी ते नसतं, आणि या झाडांसाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

दक्षिण आफ्रिकेचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला, म्हणजे केप टाऊनपासून किनाऱ्याने वर नामाक्वालँडपर्यंत, पाऊस हिवाळ्यात पडतो, अटलांटिकवरून थंड हवेचे पट्टे येतात ते साधारण मे ते ऑगस्टमधे, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. पूर्वेला, ईस्टर्न केपचा बराचसा भाग, क्वाझुलू-नताल, ड्रॅकेन्सबर्गचे डोंगर, इथे हिंद महासागराकडून दमट हवा येते म्हणून पाऊस उन्हाळ्यात, तोही बराचसा विजांसकट कोसळणारा, आणि हिवाळा कोरडा. मधे जॉर्ज आणि नाइस्नाच्या आसपास एक किनारपट्टी आहे तिथे बारा महिने थोडा थोडा पडत राहतो. आता दक्षिणेकडच्या आफ्रिकेत या कुळाचे साधारण १८ वंश आणि सुमारे २५० जाती आहेत आणि त्या या तिन्ही पट्ट्यांमधे पसरलेल्या आहेत, त्यामुळे होतं काय की एकाच वंशातल्या दोन जाती, दिसायला बहिणी, पण एक हिवाळ्यात वाढणार आणि उन्हाळ्यात झोपणार, आणि दुसरी बरोबर उलट. तुम्ही सगळ्यांना वर्षभर पाणी दिलंत म्हणजे दर महिन्याला कुणाला ना कुणाला झोपेत पाणी मिळत होतं.

आणि महिन्यांची नावं धरून बसू नका, ऋतू धरा. तिथला मार्च म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, उत्तर गोलार्धात तो वसंत, म्हणून पुस्तकात फेब्रुवारी-मार्चमधे फुलते असं वाचून तुमच्याकडे त्या महिन्यात वाट बघण्यात अर्थ नाही, तुमचा उन्हाळा संपून रात्री गार व्हायला लागतील तेव्हा बघा. एका गोलार्धातून दुसऱ्यात आणलेला कंद सहा महिन्यांनी उलटा फिरलेला असतो, त्याला रुळायला एखाद-दोन हंगाम जातातच, त्या काळात तो भलत्याच वेळी पानं काढेल, काढू द्या, पानं आहेत तोवर पाणी द्या, पिवळी पडायला लागली की थांबवा, हळूहळू तो स्वतःच वेळ जुळवून घेतो.

झोपेत पाणी का चालत नाही तेही सांगते, कारण ते कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. पानं असतात तेव्हा झाड पाणी ओढून हवेत सोडत असतं, माती भिजते आणि सुकते, मुळांना हवा मिळते. पानं गेली की ते ओढणं जवळजवळ बंद. मग कुंडीतली ओल तशीच बसून राहते, त्यात उन्हाळ्याची ऊब मिळाली की फ्युजेरियमसारखी बुरशी कंदाच्या बुडाला, मुळं फुटतात त्या चकतीला लागते, आणि वरून कंद चांगला टणक दिसत असताना खालून तो मऊ होत जातो. म्हणून पश्चिमेकडच्या जाती जास्त मरतात, कारण त्यांची झोप ऐन गरम महिन्यांत असते. पूर्वेकडच्या जाती थंडीत झोपतात, गार मातीत बुरशीही मंद असते, त्यामुळे चुकून पाणी पडलं तरी निभावून जातात. तुमच्या सहातले नेमके कुठले सुखात आहेत ते बघा, स्कॅडॉक्सस आणि पांढरा हीमँथस, दोघंही पश्चिमेच्या हिवाळी पावसावर वाढणारे नाहीत.

आता एकेक घेऊ.

लाल हीमँथस म्हणजे हीमँथस कॉक्सिनियस, हा बऱ्यापैकी सोपा आहे फक्त त्याचं वर्ष समजून घ्यावं लागतं. उन्हाळा संपत येतो तेव्हा उघड्या मातीतून, एकही पान नसताना, ठिपकेवाला जाड दांडा वर येतो आणि त्यावर लालभडक पेल्यासारखं फूल. त्या लाल जाड पाकळ्या वाटतात त्या खरं तर पाकळ्या नाहीत, बाहेरची आवरणं आहेत, फुलं आत दाटीवाटीने असतात आणि त्यांचे पुंकेसर ब्रशच्या केसांसारखे वर आलेले असतात. ते वाळलं की मग दोन पानं, बहुतेक दोनच, रुंद, मांसल, जमिनीला टेकून पसरलेली, ती सगळा हिवाळा राहतात आणि वसंतात वाळून जातात. म्हणजे पाणी कधी सुरू करायचं ते झाडच सांगतं, दांडा किंवा पानाचं टोक दिसलं की सुरू, पानं पिवळी की बंद, मधले गरम महिने कुंडी सावलीत, कोरडी. तुमचा कुजला तो या मधल्या महिन्यांतच कुजलाय.

पांढरा, हीमँथस अल्बिफ्लॉस, ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नतालच्या किनाऱ्याजवळच्या झाडीत, दरीत, खडकांच्या सावलीत वाढतो आणि बारमाही हिरवा असतो, त्याला झोपच नाही. खिडकीतही राहतो. हीमँथसच्या साधारण २२ जाती आहेत आणि सगळ्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्याच, बहुतेक हिवाळी पावसाच्या भागातल्या, त्यामुळे अल्बिफ्लॉसवरून बाकीच्या हीमँथसबद्दल अंदाज बांधायचा नाही, तो त्या वंशात अपवाद आहे. नवीन माणसाने सुरुवात मात्र त्याच्यापासूनच करावी असं मी नेहमी सांगते.

स्कॅडॉक्सस पूर्वी हीमँथसमधेच धरायचे, अजूनही जुन्या लेबलांवर फुटबॉल लिलीचं नाव हीमँथस मल्टिफ्लोरस असं सापडतं. १९७६ मधे फ्रीस आणि नोर्डाल या दोघांनी तो वंश परत वेगळा मांडला आणि ते बरोबरच होतं, हीमँथसमधे गुणसूत्रं १६, स्कॅडॉक्ससमधे १८, हीमँथसची पानं जाड आणि मधली शीर नसलेली, स्कॅडॉक्ससची पातळ, मधे ठसठशीत शीर असलेली आणि खाली एकमेकांत गुंडाळून खोटं खोडच बनवणारी. पण बागेत काम करणाऱ्याला त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे स्कॅडॉक्सस हा जंगलाच्या सावलीतला, उष्ण भागातला, सहाराच्या खालची बरीचशी आफ्रिका आणि पलीकडे अरबस्तानच्या दक्षिणेपर्यंत पसरलेला, त्याला उन्हाळ्याचा पाऊस, सावली आणि पालापाचोळ्याची सुपीक माती आवडते. म्हणजे तुमच्या सहा कुंड्यांत तो एकटाच असा आहे ज्याला तुमचं उन्हाळ्यातलं पाणी मनापासून हवं होतं. पानं वाळल्यावर थंडीत त्यालाही कोरडं ठेवा, पण लाल हीमँथससारखं महिनोन्महिने अगदी खडखडीत नको, त्याची मुळं जिवंत असतात.

नेरीनबद्दल जास्त बोलावं लागेल कारण इथे दोन जातींचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. नेरीन सार्निएन्सिस ही टेबल माउंटन आणि आसपासच्या केपच्या डोंगरांची, खडकांच्या फटींत, अगदी हलक्या मातीत वाढणारी, हिवाळ्यात पानं, उन्हाळ्यात झोप, आणि झोप संपताना फूल. पाकळ्यांवर उन्हात सोनेरी चमक दिसते ती खरीच असते, फोटोत येत नाही. जातीच्या नावात गर्न्सी बेट आहे, इंग्लिश खाडीतलं, कारण तिथे ती फार पूर्वीपासून वाढवली जाते, आणि फुटलेल्या जहाजातून कंद किनाऱ्याला लागले अशी एक गोष्ट सांगतात, युरोपात बरीच वर्षं ती जपानची समजत होते. दुसरी नेरीन बोडेनाय, ही पूर्वेकडची, ईस्टर्न केप आणि ड्रॅकेन्सबर्ग, उन्हाळ्यात वाढते, थंडीत झोपते, बर्फही सोसते. १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॉर्निश-बोडेन नावाच्या सर्वेक्षकाने तिचे कंद इंग्लंडला पाठवले म्हणून ते नाव. दोघींची फुलं शरदातच येतात, दोघी गुलाबी-लाल रंगात मिळतात, दुकानात शेजारी ठेवलेल्या असतात, आणि एकीची पद्धत दुसरीला लावली की फूल गेलं.

तुमची सार्निएन्सिस पानं देते पण फुलत नाही याची मला तीन कारणं दिसतात आणि तिन्ही एकत्र असतील. एक म्हणजे उन्हाळ्यात पाणी मिळाल्याने तिची झोप नीट होत नाही. दुसरं खत, डोंगराच्या वाळूत नायट्रोजन जवळजवळ नसतोच, तिला नायट्रोजन जास्त दिला की ती पानं वाढवते, कंद मऊ होतो. आणि तिसरं, कंद खोल पुरलेला असणार. मान मातीच्या वर दिसली पाहिजे, आणि कुंडी लहान हवी, कंद एकमेकांना टेकलेले असले तरी चालतात, उलट तसे असताना ती चांगली फुलते. अजून एक लक्षात घ्या, या कुळात फुलाचा कळा कंदाच्या आत फार आधी धरतो, आधीच्या हंगामात, काहींमधे त्याच्याही आधीच्या. म्हणजे तुम्ही आज सगळं बरोबर करायला लागलात तरी येत्या शरदात फूल न येण्याची शक्यता आहे, त्यावरून उपाय चुकला असं समजून परत काही बदलू नका. हिवाळ्यातली पानं जितकी जास्त दिवस हिरवी राहतील तितका पुढचा कळा भरतो, म्हणून हिवाळ्यात भरपूर उजेड आणि पाणी, पानं कधीही कापायची नाहीत, बांधून ठेवायची नाहीत.

ब्रन्सविजियाबद्दल तुम्ही काळजी करताय आणि मला मात्र ती तुमच्या सहातली सगळ्यात भारी वनस्पती वाटते. साधारण २० जाती आहेत. ब्रन्सविजिया जोसेफिनीचा कंद माणसाच्या डोक्याएवढा होतो, अर्धा मातीच्या वर राहतो, फ्रान्सची सम्राज्ञी जोसेफिन हिच्या नावावरून नाव आहे. फुलं लालसर, लांब देठांवर सगळ्या दिशांना पसरलेली, त्या सगळ्याचा मिळून दोन फुटांच्या आसपास घेर होतो, आणि दांडा इतका मजबूत की शिंजीर पक्षी त्यावर बसून मध पितात. न्यूवूटव्हिल नावाचं एक छोटं गाव आहे नॉर्दर्न केपमधे, कंदांच्या वैविध्यासाठी जगभर प्रसिद्ध, तिथे शरदातला पहिला चांगला पाऊस झाला की ब्रन्सविजिया बॉस्मानिईची माळरानं एकदम गुलाबी होतात. आज काही नाही आणि थोड्याच आठवड्यांत हजारो फुलं, पान एकही नाही.

फूल झाल्यावर जे होतं ते तर मला फुलापेक्षा जास्त आवडतं. देठ वाळून कडक होतात, उलट्या छत्रीच्या काड्यांसारखा एक मोठा हलका गोळा तयार होतो, दांडा बुडाशी तुटतो आणि वारा तो गोळा माळावरून गडगडत नेतो, आणि वाटेत बिया सांडत जातात. त्या बिया सुक्या नसतात, मांसल, ओल्या असतात, आतमधे पाणी भरलेलं, आणि त्यांना थांबताच येत नाही. पडल्या की लगेच मूळ काढतात. हे सगळं जुळतं कशाशी तर पावसाशी. उन्हाळ्याच्या शेवटी फूल आलं की बी तयार होते ती बरोबर हिवाळी पावसाच्या तोंडावर, म्हणजे त्या कोवळ्या रोपाला पहिला सबंध हिवाळा वाढायला मिळतो आणि उन्हाळा यायच्या आत एक छोटा कंद बनवून ते जमिनीत सुरक्षित होतं. वसंतात फुललं असतं तर ओली बी कोरड्या उन्हाळ्यात मेली असती. पानांशिवाय फूल येणं हे लोकांना विचित्र वाटतं, पण बीला पाऊस गाठायचा असेल तर फुलाला पानांची वाट बघत थांबता येत नाही.

तर तुमची ब्रन्सविजिया हलत नाही कारण तिची मुळं तुटलेली आहेत. या कुळातल्या बहुतेकांची मुळं जाड आणि कायमची असतात, ट्युलिपसारखी दरवर्षी मरून नवी येत नाहीत. कंद उपटून, मुळं छाटून, पिशवीत घालून विकला की तो आधी नवी मुळं बनवतो, मग पानं, मग कधीतरी फूल, यात वर्षं जातात. बीपासून तर मोठ्या जातींना पहिलं फूल यायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. तिला हलवू नका, कुंडी बदलू नका, उकरून बघू नका. बोटाने दाबून बघा, कंद घट्ट असेल तर ती ठीक आहे. खोल कुंडी, भरपूर वाळू-खडी, हिवाळ्यात पाणी, उन्हाळ्यात काही नाही.

सिरटँथसचं उत्तर मला पूर्ण देता येणार नाही कारण तुम्ही जातीचं नाव दिलेलं नाही आणि इथे ५० हून जास्त जाती आहेत ज्यांच्यात पाण्याच्या सवयी तिन्ही प्रकारच्या सापडतात. सिरटँथस मॅकेनाय असेल तर ती बारमाही, ओलावा आवडणारी, तीन वर्षांत फुलायलाच हवी होती, तिला उजेड कमी पडतोय. सिरटँथस इलेटस असेल, ती जॉर्ज-नाइस्नाच्या डोंगरातली, मोठी लाल फुलं, जुन्या पुस्तकांत व्हॅलोटा, तर तिलाही कधीच पूर्ण कोरडं करायचं नाही, आणि तिची कुंडी भरली की फुलते. या लाल फुलावर डोंगरात एक मोठं तपकिरी फुलपाखरू येतं, ईरोपेटीस, त्याला लाल रंगाची फार ओढ, तेच फुलपाखरू नेरीन सार्निएन्सिसवरही येतं, म्हणजे तुमच्या दोन कुंड्यांचं तिकडे नातं आहे.

पण तुमची सिरटँथस व्हेंट्रिकोसस असेल तर मग खतपाण्याने काही होणार नाही, कारण ती वणव्यानंतरच फुलते. केपच्या डोंगरातली झुडपी वनस्पती दर काही वर्षांनी जळते, आणि ती जळाली की दोनेक आठवड्यांत राखेतून हिचे लाल दांडे वर येतात, ऋतू कुठलाही असो. वर्षानुवर्षं ती नुसती पानं काढून बसून असते. १९९३ मधे प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दाखवलं की तिला आगीची उष्णता लागत नाही, धूर पुरतो. काही जण कुंडीवर धूर देऊन बघतात, तुम्हालाही करून बघता येईल, पण कळा धरायला कंद पुरेसा मोठा हवा, आणि मुळात ही जात कुंडीसाठी विकूच नये असं माझं मत आहे. अमॅरिलिस बेलाडोनाही आगीनंतर भरभरून फुलते, पण ती आगीशिवायही फुलते म्हणून बागांमधे टिकली.

बेलाडोनाचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट पटकन, थंडीत खोक्यातून अमॅरिलिस म्हणून जो मोठा कंद मिळतो तो दक्षिण अमेरिकेतला हिपिएस्ट्रम. दांडा कापून बघा, पोकळ असेल तर हिपिएस्ट्रम, भरीव असेल तर खरी आफ्रिकन अमॅरिलिस. खऱ्या अमॅरिलिसच्या जाती दोनच, बेलाडोना आणि १९९८ मधे नोंदवलेली पॅराडिसिकोला, रिख्टर्सफेल्डच्या कोरड्या डोंगरातली. हिपिएस्ट्रमवर लिहिलेले सल्ले बेलाडोनाला लावू नका, ऋतू उलटा पडतो.

ज्यांना अजून पुढे जायचंय त्यांच्यासाठी, बूफोनी डिस्टिका, पंख्यासारखी एका ओळीत पानं, कंद वर उघडा, पूर्व आफ्रिकेपासून खाली केपपर्यंत सापडते. अत्यंत विषारी, सान, म्हणजे तिथले मूळचे शिकारी लोक, बाणांना लावायच्या विषात तिचा रस वापरायचे, आणि ईस्टर्न केपमधल्या कोगा डोंगरात १९९९ साली सापडलेलं सुमारे २००० वर्षांपूर्वीचं मानवी शरीर याच झाडाच्या पानांत गुंडाळलेलं होतं म्हणून टिकून राहिलं. आणि जेथिलिस, जिला तिकडे कुकुमाक्रांका म्हणतात, तिचं फूल ऐन उन्हाळ्यात जमिनीलगत, बीजकोश जमिनीखाली, शरदात सुवासिक लांबट फळ वर येतं आणि पानं हिवाळ्यात, म्हणजे पान, फूल, फळ तिघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. ते फळ ब्रँडीत घालून ठेवायची जुनी पद्धत आहे. याच्या अगदी उलट टोकाला क्रायनम, क्रायनम बल्बिस्पर्मम नदीकाठच्या चिखलात मजेत राहते आणि क्रायनम कँपॅन्युलेटम तर पावसाळी डबक्यांत उगवते, तिला कोरडी वाळू दिली तर ती बिचारी कुढत बसते. पाण्यात उभं राहणाऱ्या आणि सहा महिने पाणी न बघणाऱ्या वनस्पती एकाच कुळात आहेत, म्हणून या कुळासाठी एक मिश्रण, एक पाणी असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

बियांचं थोडं. बोराएवढी लाल फळं (हीमँथस, स्कॅडॉक्सस) आली तर गर धुऊन काढा, गरात उगवण अडवणारे घटक असतात, आणि बी मातीवर नुसती ठेवा, पुरू नका. नेरीन, ब्रन्सविजिया, अमॅरिलिस, क्रायनम यांच्या मांसल बियाही तशाच, मिळाल्या की त्याच आठवड्यात. क्रायनमची बी तर टेबलावर ठेवली तरी मूळ काढते. फ्रीजमधे साठवायच्या भानगडीत पडू नका. सिरटँथस एकटी वेगळी, तिची बी काळी, चपटी, पंखवाली, सुकी, ती थोडे दिवस टिकते, आणि बरेच जण ती पाण्यावर तरंगत ठेवून मूळ फुटल्यावर मातीत लावतात, ती पद्धत चांगली चालते.

माती. पश्चिमेच्या जातींना जाडी वाळू आणि बारीक खडी मिळून निम्म्याहून जास्त, बाकी थोडी माती, सेंद्रिय खत जवळजवळ नाही. स्कॅडॉक्सस आणि क्लायव्हियाला पानांचं खत भरपूर (क्लायव्हियाला कंद नसतोच, जाड मुळं असतात, पण कुळ हेच). मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी, लवकर सुकते.

कीड दोनच लक्षात ठेवा. पिठ्या ढेकूण पानांच्या खाचेत आणि कंदाच्या सुक्या सालींखाली लपतो, झोपेच्या काळात साली थोड्या सोलून बघायची सवय लावा. आणि काळी, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची अळी, ब्रायथिस नावाच्या पतंगाची, ती खास याच कुळावर येते, पान आतून पोखरत खाली कंदात शिरते, दिसली की त्याच दिवशी हाताने काढा, उद्यावर ठेवलं तर कंद गेला. हाताने म्हणजे हातमोजे घालून, कारण या सगळ्या कुळात लायकोरीन आणि त्यासारखी अल्कलॉइड्स, म्हणजे विषारी द्रव्यं असतात, कंद पोटात गेला तर उलट्या होतात, बूफोनीसारख्यांत त्याहून वाईट, लहान मुलं आणि पाळीव प्राणी असतील तिथे कंद कांद्याजवळ कधीही ठेवू नका.

विकत घेताना बीपासून वाढवलेली लहान रोपं घ्या, मोठा फूल-द्यायला-तयार कंद स्वस्तात मिळाला तर विचारा कुठून आला. जोहान्सबर्गच्या फॅराडे आणि डर्बनच्या वॉरिक बाजारात औषधासाठी म्हणून बूफोनी, स्कॅडॉक्सस असे कंद जंगलातून उपटून येतात, त्याशिवाय संग्रह करणारे लोकही उपटतात, आणि ज्या वनस्पतीला फुलायला दहा वर्षं लागतात तिचा मोठा कंद माळावरून गेला की तो तिथे लवकर परत येत नाही.

आता तुमच्या कुंड्या. स्कॅडॉक्सस आणि अल्बिफ्लॉसला आहे तसंच, फक्त स्कॅडॉक्सस पानं टाकेल तेव्हा पाणी अगदी कमी. सार्निएन्सिस झोपेत जाईल तेव्हा काढून लहान कुंडीत मान वर ठेवून लावा, मुळं न तोडता, आणि खत एक वर्ष पूर्ण बंद, नंतरही फक्त पोटॅशवालं, पाण्यात पातळ करून, पानं असताना. ब्रन्सविजियाला हात लावू नका, गरम महिन्यांत तिला पावसापासून छपराखाली ठेवा. सिरटँथसचं लेबल शोधा, नसेल तर पानाचा आणि कंदाचा फोटो पाठवा, पान वाळतं की वर्षभर हिरवं राहतं तेही सांगा, त्यावरून बरंच कळेल. कॉक्सिनियसची कुंडी लगेच रिकामी करू नका, कंद कापून आतल्या साली बघा, बुडाची चकती आणि त्याला जोडलेल्या दोन-चार पांढऱ्या घट्ट साली शिल्लक असतील तर कुजलेला भाग चांगल्या भागापर्यंत कापून टाका, बुरशीनाशकाची पूड लावा, आठवडाभर सावलीत सुकू द्या आणि कोरड्या वाळूत ठेवा, सालींच्या खाचेतून बारीक पिल्लं फुटतात. पाणी मात्र ती फुटल्यावरच, आणि तेही तुमच्याकडे रात्री गार व्हायला लागल्यावर.